बाटलीतले अकरा रोहू

१७ ऑगस्ट, रविवार

आंबिवली, पहिली खेप. केळकर मॅडम बाळकुमहून गाडी घेऊन आल्या, वीस मिनिटं उशिरा. "ट्रॅफिक होतं, काका." रविवारी सकाळी सहाला ट्रॅफिक. असेल.

मॅडम म्हणजे ऋजुता. एफ.वाय.ला असताना माझ्याच प्रयोगशाळेतून पहिला बेडूक बघून बाहेर पळालेली. आता डॉक्टर, पीएच.डी.वाली. मी रिटायर होऊन सव्वा वर्ष झालं तरी मदतीला मलाच बोलावलं. एकतीस वर्षं लॅब असिस्टंट म्हणून बाटल्या भरल्या, त्याच परत भरायच्या. मलाच का, हा प्रश्न आहेच. तरुण मुलं मिळाली नसतील, किंवा तरुण मुलं फार प्रश्न विचारत असतील.

तळं बघितलं. लोक वाकणतळं म्हणतात (यापुढे वा.त.). काळू नदी पूर्वी इथून वळसा घालून जायची, मग तिने सरळ वाट धरली आणि वळण मागे राहिलं. पावसात नदी फुगली की एका चरातून पाणी आत शिरतं, पावसानंतर त्याच चरातून हळूहळू बाहेर जातं. मॅडमचं म्हणणं, नदीतल्या माशांची पिल्लं या पाण्याबरोबर आत येतात, गवतात, संथ पाण्यात वाढतात आणि अंगात बळ आलं की परत नदीत जातात. तळं गेलं की नदीतले मासेही कमी होणार. आणि तळं बुजवायचंच चाललंय, गोदामांसाठी. तळं राखायचं की नाही ते पाणथळ जागांची समिती डिसेंबरात ठरवणार. त्याआधी आकडे हवेत.

जाळ्याचं एक टोक मॅडमकडे, दुसरं काशिनाथ भोईर (भो.) यांच्याकडे. साठीचे, आगरी, पूर्वेच्या काठाची जमीन त्यांची. आधी भात लावायचे, आता तीन चाळी आहेत. थर्मासमधून चहा आणलेला, तिघांना पुरून उरेल एवढा. मला "मास्तर" म्हणाले. मी मास्तर नाही हे सांगणार होतो, राहून गेलं.

हा माणूस चहा का पाजतो?

१९ ऑगस्ट, मंगळवार

दोन दिवस मोजतोय. गॅलरीत टेबल, भिंग, चिमटा, पांढरी बशी. सौ.ने बशीला मागून नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला, चुकून जेवणात यायला नको म्हणून.

वा.त., बाटली नं. १. नऊ जातींची पिल्लं. मळ्या, दांडवण, खवली, शिंगाळ्याची दोन, मरळीचं एक, बाकीची मॅडम लॅटिनमध्ये सांगतील. एक दुसऱ्यासारखं नाही. कोणी तांदळाएवढं, कोणी करंगळीच्या पेराएवढं. वेगवेगळ्या दिवशी आलेली, वेगवेगळ्या आयांची.

शीळफाट्याजवळच्या दगडखाणीतलं पाणीही आपण तपासतो, तुलनेसाठी. तिथे नदी कधीच पोचत नाही. त्या बाटलीत दोनच जाती, चिलापी आणि गप्पी.

मॅडमना फोन केला. "काका, हेच तर! हेच तर दाखवायचंय!" इतक्या खूश झाल्या की मी सगळं परत मोजलं. बरोबर होतं.

३१ ऑगस्ट, रविवार

दुसरी खेप. आज गौरी येणार होत्या हे खेप ठरवताना माझ्या डोक्यातच नाही. दुपारी पिशवी घेऊन दारात उभा, तर सौ. समोर रांगोळीची वाटी घेऊन. "गौरी उंबऱ्यात आणि तुम्ही मासे घेऊन दारात!" म्हटलं, हे खायचे नाहीत. "मग तर आणखीच कठीण." बाटल्या, भिंग, मासे टिकवायच्या स्पिरिटचे कॅन, सगळं गॅलरीच्या कोपऱ्यात, वर जुनी चादर. तीन दिवस हात लावायचा नाही असा हुकूम.

भो. आज नव्हते, त्यांच्याही घरी गौरी. जाळ्याचं टोक मी धरलं. कंबरेएवढं पाणी, खाली गाळ, या वयात.

पलीकडच्या काठावर एक पांढरी गाडी, आत दोघं, काचा वर. आम्ही जाळं ओढेपर्यंत तिथेच. मॅडमना दाखवली. "असेल कोणी, काका." कोणी म्हणजे कोण? मासे बघायला माणसं गाडीतून येत नाहीत.

१४ सप्टेंबर, रविवार

तिसरी खेप. परवा नदीला मोठं पाणी आलेलं. चर दोन्ही काठ भरून वाहिलाय, गवत सगळं आडवं. नवीन पाणी म्हणजे नवीन पिल्लं. मॅडम गुडघाभर चिखलात आणि चेहऱ्यावर लग्नघरातल्यासारखा आनंद.

तिसरी बाटली भरताना स्पिरिट संपलं. कॉलेजच्या स्टोअरची किल्ली क्लार्ककडे, क्लार्क गणपतीपासून गावाला. नशीब, घरचा जुना पांढरा कॅन पिशवीत टाकला होता. त्यातलं तळाचं होतं नव्हतं ते ओतून निभावलं. मी वस्तू फेकत नाही त्याचा असा उपयोग होतो.

भो.नी आज चहाबरोबर तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी आणलेली. "मास्तर, पोट भरून खावा. पान्यात उभं ऱ्हानं सोपं नाय." दोन भाकऱ्या खाल्ल्या. चव अजून जिभेवर आहे.

आणि परत येताना, स्टेशनजवळ, भो. त्याच पांढऱ्या गाडीच्या खिडकीत वाकून बोलत उभे. आम्हाला बघून हात केला. पकडला गेलेला माणूस दचकतो, हे दचकले नाहीत. म्हणजे एकतर साधे आहेत, नाहीतर फारच तयार. भाकरी जड वाटायला लागली.

१६ सप्टेंबर, मंगळवार

बाटली नं. ३. नेहमीची मंडळी आहेत, मळ्या, खवली, दांडवण. आणि रोहू. अकरा.

अकराच्या अकरा एका मापाची. नखाएवढी. पट्टी लावून बघितलं, भिंग बदलून बघितलं, एक मिलिमीटर इकडचा तिकडे नाही. नदीत असं होत नाही. एका हौदात, एकाच दिवशी, एकाच वेळी जन्मलेली पिल्लं अशी असतात. म्हणजे मत्स्यबीज केंद्रातली. रंगही उडालेला, पांढुरकी. कोंड्यावर वाढवलेली, उन्हाचं तोंड न पाहिलेली, म्हणून.

कोणीतरी आणून सोडली आहेत. दुसरा अर्थच निघत नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

मॅडमना फोन. "काका, एवढं पाणी आलं होतं ना? वरच्या अंगाला कोणाचं तरी शेततळं फुटलं असेल, त्यातली वाहून आली असतील. अकराच आहेत. मी टिपणात लिहीन तसं."

उत्तर फार पटकन आलं. विचार करून ठेवल्यासारखं.

दुपारभर डोक्यात हेच. सोडली कोणी? भो.नी. का? तर पांढऱ्या गाडीवाल्यांसाठी. तळ्यात विकतचे मासे सापडले की ते नदीचं तळं राहत नाही, कोणाचं तरी मासे पाळायचं खासगी तळं होतं. मग बुजवा खुशाल. डोकं चालवलंय. चहा, भाकरी, मास्तर-मास्तर, आणि मागून हे.

सौ.ला सांगितलं. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "संशयाने पोट भरत असतं तर मला ह्या लाटाव्या लागल्या नसत्या." मागे दुधात पाणी असतं म्हणून मी दूधवाल्याच्या मागे बिल्डिंगच्या गेटपर्यंत गेलेलो, ते तिने परत काढलं. पाणी होतं, हे मात्र ती सांगत नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

चौथी खेप. जाळ्यात सगळं आहे, पण रोहू एकही नाही. मॅडम म्हणाल्या, "बघा, पाण्याबरोबर आली, पाण्याबरोबर गेली." मला वेगळं दिसलं. आपल्याला कळलंय, हे कोणाला तरी कळलंय.

काठच्या गवतात जाड प्लास्टिकची मोठी पिशवी सापडली, तोंडाला रबर. मत्स्यबीज अशाच पिशव्यांत येतं, निम्मं पाणी, निम्मी हवा. मॅडम गाडीकडे गेल्या तेव्हा भो.ना दाखवली.

"भोईर, ही कसली पिशवी?"

"छपरावरची आसंल. वाऱ्यानं आली."

"अशात माशांची पिल्लं आणतात."

मग सावकाश, "मास्तर, मी बाहेरशी मासं आनून हिथं सोडलं, आसं बोलताव तुमी?"

मी म्हटलं, मी काही बोलत नाही, विचारतोय.

"इच्यारून जालं?"

हो म्हटलं. थर्मास उचलून गेले. चहा आमच्यासाठीच आणलेला असणार, झाकण उघडलंच नाही. मॅडमनी विचारलं, भोईर काका एवढ्यात कुठे गेले? म्हटलं, काम असेल.

चेहरा दुखावल्यासारखा होता. पण दुखावल्यासारखा चेहरा करायला काय लागतं.

२९ सप्टेंबर, सोमवार

आपटे सरांना फोन केला. पूर्वी आमचे विभागप्रमुख, आता नौपाड्यात असतात आणि त्या समितीवर आहेत. सगळं सांगितलं, एकसारखी पिल्लं, पिशवी, गाडी.

"सावंत, तुमची खात्री आहे?"

"बाटली माझ्याकडे आहे, सर."

"हे तुम्ही लेखी द्याल का?"

"नाव नको, सर. फक्त कानावर घातलं."

म्हणाले, "ठीक आहे. तुमच्या नजरेवर माझा पूर्ण विश्वास आहे." एकतीस वर्षांत असं कोणी म्हटलं नव्हतं. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. मॅडमना सांगितलेलं नाही. त्यांनी ते टिपणात दाबून टाकलं असतं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

मॅडमचा फोन, सकाळी. आवाज बसलेला. समितीने आतापर्यंतचे सगळे आकडे बाजूला ठेवलेत. तळ्यात बाहेरून मासे सोडले जातात अशी माहिती आहे, त्यामुळे हे नैसर्गिक तळं धरता येत नाही. नऊ जाती, मळ्या, खवली, सगळं एका वाक्यात बाद.

समितीचा एक माणूस भो.च्या दारातही जाऊन आला. शेजारीपाजारी उभे असताना विचारलं, किती पिशव्या सोडल्या आणि कोणाच्या सांगण्यावरून. भो. म्हणे आत गेले आणि दार लावून घेतलं.

"काका, त्यांना सांगितलं कोणी? त्या बाटलीचं आपल्या दोघांनाच माहीत होतं."

मी म्हटलं, मला काय माहीत.

खोटं बोललो. पण मॅडमनी मला सरळ विचारलं का नाही? त्यांनाही माझा संशय असेल तर बोलायला काय होतं?

आकडे बाद होतील असं वाटलं नव्हतं. मला वाटलेलं, भो.ला बाजूला काढतील आणि काम पुढे चालेल.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळीची साफसफाई. सौ. म्हणाली, गॅलरी आज रिकामी झालीच पाहिजे. चादर काढली. पांढरा कॅन रिकामाच होता, म्हटलं धुऊन ठेवू, रॉकेल-बिकेल ठेवायला होईल. नळाखाली हिसळला, मोरीत उपडा केला.

पाण्याबरोबर चार मासे पडले. रोहू. नखाएवढे, पांढुरके.

आणि त्यांच्यामागून एक चिठ्ठी, दुमडलेली. शिसपेन्सिलने लिहिलेलं स्पिरिटमध्ये जात नाही, म्हणून आम्ही नेहमी पेन्सिल वापरतो. अक्षर माझं. "एस.वाय. सहल, मत्स्यबीज केंद्र, रोहू."

मोरीच्या कट्ट्यावर बसलो.

जुन्या बाटल्यांतलं स्पिरिट मी कधी फेकलं नाही. आमच्या विभागाला मागितलेलं स्पिरिट वर्षानंतर मिळायचं, त्यामुळे जुनं गाळून परत वापरायचं हे माझ्या हाताला बसलेलं. कापड धरायचं, गाळायचं. एकतीस वर्षांत एकदाही कापडाशिवाय ओतलं नाही. फक्त शेवटच्या दिवशी. खाली निरोपाचा कार्यक्रम सुरू झालेला, शिपाई दोनदा बोलावून गेला, आणि मी फडताळातल्या बाटल्या धडाधड कॅनमध्ये उपड्या केल्या, कॅन घरी आणला. एका बाटलीतली सहलीची पिल्लं आत गेली आणि मला पत्ता नाही. सव्वा वर्षाने त्यातली अकरा मी स्वतःच्या हाताने तीन नंबरच्या बाटलीत ओतली.

आणि रंग! स्पिरिटमध्ये राहिलं की मासा पांढरा पडतो. हे मी शेकडो पोरांना सांगितलंय. बशीत समोर पांढरीफटक पिल्लं होती आणि मी काय लिहिलं, तर कोंड्यावर वाढवलेली. ते पान आत्ता उघडून वाचलं. माझंच अक्षर, एवढं ठाम.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सौ.ला सांगितलं. वाटलं, आता बोलेल. चकलीचं पीठ तसंच ठेवून समोर बसली. मग म्हणाली, "आधी त्या पोरीला सांगा. फोनवर नको, जा."

लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

बाळकुमला गेलो. मॅडमचं घर सोळाव्या मजल्यावर, खिडकीतून खाडी दिसते. चिठ्ठी आणि ते चार मासे छोट्या बाटलीत नेलेले. टेबलावर ठेवले, सगळं सांगितलं. फोनचंही.

बाटली हातात फिरवत होत्या. ओरडतील म्हणून वाट बघत होतो, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काका, तुमच्या बाटल्या मी तपासत नाही. तुम्ही भरलीय म्हटल्यावर मी बघतच नाही. म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

मग म्हणाल्या, "मला एकदा विचारायचं होतंत."

खाली आल्यावर लक्षात आलं, पाणीसुद्धा प्यायलो नव्हतो. त्यांनी दिलेलं, ग्लास तसाच राहिला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

नौपाडा. आपटे सरांना लेखी दिलं, नाव, पत्ता, सही. पिल्लं कुठून आली, कोणाच्या चुकीने आली, आणि काशिनाथ भोईर यांचा याच्याशी काही संबंध नाही. हे शेवटचं वाक्य सर दोनदा लिहा म्हणाले असते तरी लिहिलं असतं.

सरांनी चष्मा काढून पुसला. "सावंत, मी तुमच्या शब्दावर समितीत उभा राहिलो हो." मग कामाचं बोलले. जुन्या आकड्यांवर एकदा शंका आली, आता ते कोणी धरणार नाही. दिवाळीनंतर नवीन नमुना, स्वतः सरांसमोर.

म्हटलं, चालेल. तेव्हा सुटल्यासारखं वाटलं.

२ नोव्हेंबर, रविवार

नवीन नमुना. सर, मॅडम, मी. नवं स्पिरिट, दुकानातून आणलेलं, सील सरांनी फोडलं.

वा.त. अर्धं झालंय. चरात घोट्याएवढं पाणी, तेही नदीकडे जाणारं. मॅडम आणि मी जाळं ओढलं. गवत, गोगलगाई, चार झिंगे. परत ओढलं. दोन दांडवण. तिसऱ्यांदा, एक मरळीचं पिल्लू, तेही उडी मारून गेलं.

सर म्हणाले, "केळकर, इथे तर काही नाही."

"सर, गेली ती. आता जायचीच वेळ आहे. म्हणूनच ऑगस्टपासून मोजत होतो." मॅडम धावत चराच्या तोंडाशी, नदीत. तिथे जाळं टाकलं आणि बोटाएवढ्या मळ्या आल्या, खवली आल्या, पाच-सहा जाती, लहानमोठ्या, चकचकीत. मॅडमनी ओंजळ भरून सरांपुढे धरली. सरांनी बघितल्या, आवडल्याही असाव्यात.

"पण ही याच तळ्यातली, हे कशावरून सांगणार? नदी आहे, नदीत मासे असणारच."

आत येणारी मोजलेली होती, वाढणारी मोजलेली होती, ते कागद बाद झालेत. बाहेर पडणारी ओंजळीत होती आणि त्यांच्या अंगावर काही लिहिलेलं नव्हतं.

सर म्हणाले, पुढच्या पावसाळ्यात पहिल्या पाण्यापासून मोजा, समितीला मी थांबवून धरतो. पण निर्णय होईपर्यंत भराव थांबवणं समितीच्या हातात नाही, तोवर जमीनवाले आणि गोदामवाले मोकळे. बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्यात. ट्रक उतरायला वाट फक्त पूर्वेच्या काठावरून आहे, तिथली सही राहिलीय असं ऐकतो. पूर्वेचा काठ म्हणजे भो.

ते वर बांधावर उभे होते, हात मागे बांधून. खाली आले नाहीत. आमचं बोलणं ऐकू गेलं असणार. सर गाडीकडे निघाले तशी पाठ फिरवून गेले.

मॅडम परत येताना म्हणाल्या, "मी जाऊन बोलू का त्यांच्याशी?" म्हटलं, नाही. मी जाणार.

६ नोव्हेंबर, गुरुवार

गेलो नाही. सोमवारी गुडघा दुखत होता, मंगळवारी पाहुणे होते. खरं कारण मला माहीत आहे. काय तोंडाने मागणार? ज्याच्या दारात माझ्यामुळे माणूस उभा राहिला, त्यालाच सांगायचं की सात महिने सही करू नकोस.

आणि मनात परत तेच. त्या गाडीच्या खिडकीत ते काय बोलत होते? सही झाली असेल तर? झाली असेल आणि मला सांगणार नसतील तर? खोड जात नाही. कॅन धुतला तरी वास राहिलाय तसं.

९ नोव्हेंबर, रविवार

गेलो. एकटाच.

भो. पडवीत पाग, म्हणजे फेकायचं जाळं, दुरुस्त करत बसलेले. छपराच्या कडेला जाड प्लास्टिकच्या पिशव्या रबरांनी बांधलेल्या, गवतात सापडली तसल्याच. बस म्हणाले नाहीत, मी बसलो. सगळं सांगितलं, निरोपाच्या दिवसापासून. कॅन, चिठ्ठी, आपटे सरांना केलेला फोन. नाव लपवून केलेला, हेही. ते सुईने गाठी मारत होते, मधे थांबले नाहीत.

"मंजे तुमचेच बाटलीत व्हतं."

"हो."

"आन तुमी माजी पिशवी बघत व्हताव."

"हो. चुकलो. माफी मागायला आलोय."

आतून भांड्यांचा आवाज. मग मी ते बोललो, पुढच्या पावसापर्यंत सही करू नका. आपल्या पोरांच्या वयाच्या मुलीचं काम आहे, तळं आहे, माझ्यामुळे गेलं असं व्हायला नको.

भो. उठले, आत गेले. बाहेर आले ते हातात पिशवीत घातलेला घडीचा कागद घेऊन. माझ्या मांडीवर ठेवला.

"गोदामवाल्यांचा कागद हाय. तीनदा येऊन जेले, गाडी घेऊन, रस्त्यात उभं करून. सही केलीय का नाय, ते आत हाय. बघा."

मी म्हटलं, तुम्हीच सांगा ना.

"मी सांगून तुमी मानाल?"

मानीन, म्हटलं.

"मंग बघायचं काय काम?"

आणि परत पाग घेऊन बसले. कागद माझ्या मांडीवर. चष्मा खिशात. एक घडी उलगडायची होती, फक्त एक. ते माझ्याकडे बघतही नव्हते. समोर गाठी मारत होते, एकसारख्या, घाई नाही.

कागद उचलून त्यांच्या बाजूला ठेवला, बंद. "येतो," म्हटलं. त्यांनी मान हलवली. हो म्हणून की जा म्हणून, कळलं नाही.

स्टेशनपर्यंत दोनदा थांबलो. एकदा तर पाच-सहा पावलं मागे गेलोसुद्धा.

सौ.ने दार उघडल्या उघडल्या विचारलं, "सही आहे?"

"माहीत नाही."

"कागद दाखवला नाही त्यांनी?"

"हातात दिला."

"आणि तुम्ही बघितला नाहीत? तुम्ही?"

नाही बघितला. आता लिहितोय तर हात शिवशिवतोय. उघडला असता तर तळं राहतंय की जातंय ते आज कळलं असतं. त्यांनी सांगितलं नाही, मी बघितलं नाही, आणि पावसाला सात महिने आहेत.